पाखरांसाठी अर्धा एकर ज्वारी सोडू का?

उमरेडजवळ दोन एकर वावर आहे, कऱ्हांडल्याचं जंगल लागूनच. बाबा म्हणतात अर्धा एकर ज्वारी पाखरांसाठी ठेवू, कापायचीच नाही. कोणी केलंय का?

— भाऊ, हुरड्यात आली की पाखरांआधी रोही (नीलगाई) अन् रानडुकरं येतात, त्यांच्यामागं वाघ, मग रात्री ओलिताला (पाणी द्यायला) तुम्ही जाणार की बाबा? जंगलाला लागून तर नकोच.

— ज्वारीच कशाला, धुऱ्यावर (बांधावर) उंबर लावा की. फळं आली की हरियल (हिरवी कबुतरं) येतात, आपला राज्यपक्षी हो! वेळ लागतो पण.

— आम्ही काटोलकडे घरापाशी चार तास (ओळी) ज्वारी ठेवतो, पोपटच संपवतात 😄 अन् औषध लावलेलं उरलेलं बियाणं पाखरांना टाकू नका, मरतात.

— बरं, उंबराचं बाबांना सांगतो. डुकरांचं आईनं आधीच म्हटलं होतं.