प्रतिसाद : किनाऱ्यावरचे लाकूड आणि गारंबीची शेंग

कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेले लाकूड नुसते पुसून दिवाणखान्यात ठेवले तर चालेल का, या प्रश्नावर माझे मत असे की तसे ठेवू नये. त्यात मुरलेले मीठ हवेतील ओल शोषत राहते आणि पावसाळ्यात लाकूड चिकट होते. म्हणून ते काही दिवस गोड्या पाण्यात बुडवून, पाणी वरचेवर बदलून, मग सावकाश वाळवावे. वाळल्यावर पृष्ठभागावर पांढरट थर दिसला, तर मीठ शिल्लक आहे असे समजावे. खाली बारीक भुसा पडू लागला तर भुंगेरे लागले आहेत, आणि असे लाकूड सागवानी फर्निचरजवळ मुळीच नको.

शंखांचा मोह मात्र आवरावा. रिकामा दिसणारा शंख अनेकदा शंखी खेकड्याचे घर असते, आणि प्रवाळ तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्याने उचलूच नये.

माझी स्वतःची पसंती गारंबीच्या शेंगेला आहे. सह्याद्रीतील या महावेलीची शेंग एक मीटरहूनही लांब वाढते, त्यामुळे कोऱ्या भिंतीवर ती एकटीच पुरते; शेजारी चित्र लावले की दोन्ही बिघडतात. शेंग पेरापेरांनी सुटते, म्हणून एका खिळ्यावर न टांगता तिला दोन-तीन ठिकाणी आधार द्यावा. आतील तपकिरी, गुळगुळीत बिया निराळ्या वाडग्यात ठेवता येतात, परंतु त्या विषारी असल्यामुळे घरात लहान मूल असेल तर वाडगा उंचावरच हवा.