रानातली भाजी ओळखणारी घरात आता फक्त आईच उरलीय

रोह्याची_लेक:
नमस्कार मंडळी, माझं लहानपण रोह्याजवळच्या खेड्यात गेलं, आता वीसेक वर्षं ठाण्यात आहे. आम्ही चार भावंडं आणि बाबांचा पगार तुटपुंजा, त्यामुळे पावसाळ्यात भाजी विकत आणायची नाही असा आईचा नियमच होता. पहिले दोन-चार पाऊस झाले की बांधावर टाकळा यायचा, मग कुर्डू, फोडशी, भारंगी, पुढे करटोली, आणि शाळेतून आलं की दप्तर टाकून आईबरोबर निघायचं आणि परकराच्या ओच्यात भरून आणायचं. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवलेल्या असायच्या त्या पावसात आमटीत पडायच्या, दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची, तूप कढवलं की बेरीत साखर घालून आम्ही भांडून खायचो, जुन्या वह्यांची कोरी पानं बाबा दाभणाने शिवून नवी वही करून द्यायचे.

तर झालं असं की आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर यंदा गुडघाभर टाकळा आलाय. रविवारी लेकीला घेऊन तोडायला गेले, तर ओळखीतल्या एक बाई थांबून म्हणाल्या, अगं भाजी आणायला पैसे नाहीत का? लेक नऊ वर्षांची, माझा हात ओढून म्हणाली मम्मी चल ना घरी. मला खूप लागलं ते. तोडलेला टाकळा मी केला पण ती खायलाच तयार नाही. शहरातलं असं तोडून खाणं सेफ आहे का, आणि मुलांना हे कसं शिकवता तुम्ही?

बार्शीकडचा:
ताई, लाज वाटायचं काही कारण नाही. आमच्याकडं भुईमूग निघाला की आजी आम्हाला सरवा वेचायला न्यायची, आधी रानमालकाला विचारायची मग खुरपं घेऊन ओळीनं माती उकरत जायचं, तुटून राहिलेल्या शेंगा घावायच्या. दिवसभरात एक पाटी भरली की आजीचा चेहरा बघण्यासारखा असायचा. आजीनं 1972 चा दुष्काळ बघितलेला, खडी फोडायच्या कामावर होती, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातनं आलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले होते. म्हणून ताटात एक घास राहिलेला तिला बघवायचा नाही. पाथरी, घोळ, तांदुळजा हे सगळं तिनंच दाखवलं, पाथरी तर बांधावरच उपटायची, झटकून भाकरीबरोबर कच्ची खायची. मी आज पगारदार आहे पण गावाकडं गेलो की पाथरी शोधतोच.

झाडीपट्टी_गडचिरोली:
तुमच्या टाकळ्याला आमच्याकडे तरोटा म्हणतात आणि करटोलीला काटवल. आमच्या घरी खरं काम मार्च-एप्रिलमध्ये असायचं, मोहफुलं. फुलं रात्रीतून गळतात म्हणून अंधारातच टोपलं घेऊन जायचं, पहाटे झाडाखाली पिवळसर सडा पडलेला, हाताला चिकट लागतो आणि वास डोक्यात बसतो. आई म्हणायची ऊन चढायच्या आत आटप. वाळवून ठेवली की वर्षभर पुरायची. जंगलात राहणाऱ्यांचा गौण वनउपज गोळा करायचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यात लिहिलेला आहे, तेव्हा हे वेचणं म्हणजे भीक नाही, मुलीला हे नक्की सांगा.

पानं_बघून_तोडा:
सेफ आहे का याबद्दल सांगते कारण घाई नको. प्लॉटवर तणनाशक मारलंय का ते वॉचमनला विचारा, नाल्याच्या कडेचं आणि गाड्यांच्या रस्त्याला लागून असलेलं घेऊ नका. आणि टाकळ्याशेजारी कासविंदा उगवतो तो नीट ओळखा, टाकळ्याच्या एका पानाला छोट्या पानांच्या तीन जोड्या आणि टोकं गोलसर, कासविंद्याची पानं टोकदार. त्याच्या बिया विषारी असतात, लहान मुलं शेंगांशी खेळतात म्हणून सांगतेय. अळंबी तर जाणकार बरोबर असल्याशिवाय अजिबात नाही. फोडशी मुळासकट उपटायची नाही, वरून कापायची, पुढच्या वर्षी तीच परत येते. लेकीला टाकळा कडवट लागला असेल, फार मोठी पानं घेतली असतील तुम्ही. शेंड्याची कोवळी घ्या, भरपूर कांदा, लसूण आणि वरून ओलं खोबरं.

रोह्याची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. हो, गुडघाभर वाढलेलाच तोडला होता, जून होता! बार्शीकर दादा, तुमचं सरव्याचं लेकीला वाचून दाखवलं तर तिने विचारलं की शेंगा मातीत कशा असतात, तिला वाटत होतं झाडाला लटकतात. तेवढ्यावरून आम्ही अर्धा तास बोलत बसलो. पुढच्या जूनमध्ये तिला घेऊन आईकडे जाणार आहे, शेवळं ही पहिल्या पावसातली रानभाजी आई अजून स्वतः काढून आणते, तिचं वय आता 74. शेवळाचा तो आतला पिवळा भाग नेमका कुठवर काढायचा हे मला अजून जमत नाही, एकदा राहिला होता तर सगळ्यांचे घसे दोन दिवस खाजत होते. यावेळी व्हिडिओ नाही काढणार, हातात विळी घेऊन शेजारी बसणार. आणि ठाण्यात शेवळांबरोबर घालायला काकडं, म्हणजे ती छोटी आंबट रानफळं, कुठे मिळतात कोणाला माहीत आहे का?

पानं_बघून_तोडा:
मार्केटात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात ना, त्यांच्याकडेच काकडांचे वाटे असतात, सकाळी लवकर जा. नाही मिळाली तर चिंचेचा कोळ जरा सढळ घाला.