मदत हवी आहे: क्रिएटिनिन नॉर्मल, पण लघवीत अल्ब्युमिन (एक प्रथिन). आईचं खारं बंद करू?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. आई ५८ वर्षांची, चार वर्षं बीपीची गोळी, टेल्मिसार्टन ४०, चालू आहे. एरवी बीपी १३० च्या आसपास. मासेमारीबंदी लागली (१ जून ते ३१ जुलै) की १५०-१५५, आणि श्रावणात पुन्हा खाली. तीन वर्षं आम्ही हवामानाला दोष देत होतो. यंदा ट्यूब पेटली: बंदीत आमच्या घरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं खारं-सुकं, उघडतं. सुके बांगडे, गालम्याची (सुक्या बारीक कोळंबीची) किसमूर म्हणजे सुकी कोशिंबीर, पेजेबरोबर खारातली तोरं (मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या). श्रावणात मासळीच बंद!

डॉक्टर म्हणाले, सॉल्ट सेन्सिटिव्ह असेल, म्हणजे मिठाने बीपी चढणारी. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) ०.८. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मात्र ६४ आलं, ३० च्या आत हवं. बाबा म्हणतात, क्रिएटिनिन चांगलं म्हणजे किडनी चांगली.

मी थोडं वाचलं. लुईस डाल या अमेरिकन संशोधकांनी १९६० च्या दशकात मिठाने बीपी चढणारे आणि न चढणारे असे उंदरांचे दोन वाण तयार केले. पुढे त्यांच्या किडन्यांची अदलाबदल केली, तर बीपी किडनीच्या मागे गेलं! अशा उंदरांना जास्त मीठ दिलं की किडनीतल्या नलिकांच्या पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो, टी-पेशी आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात, गाळणीवरच्या पोडोसाइट पेशी दुखावतात आणि अल्ब्युमिन झिरपतं. म्हणजे आईचं ६४ ही त्याचीच सुरुवात का? आणि कमी सोडियमचं मीठ आणू का?

प्रतिसाद १: एका रिपोर्टवर ठरवू नका. ताप, लघवीचा संसर्ग, जास्त श्रम यांनीही अल्ब्युमिन वाढतं. सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी तीन महिन्यांत आणखी दोनदा करा. बाबांना सांगा, क्रिएटिनिन उशिरा बोलतं. गाळण्याची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत ते नॉर्मलमध्ये राहू शकतं.

प्रतिसाद २: ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको!! त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढतं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. सुके बांगडे दोन-तीन पाण्यांत भिजवा, थोडा खार उतरतो. तोरांचं मात्र काही करता येत नाही.

धागाकर्ता: आभार. मीठ आणत नाही, पुढची तपासणी चतुर्थीनंतर. आईला वाचून दाखवलं. तोरं सोडते म्हणाली, किसमुरीचं नाव काढू नको म्हणाली.