विषय: तालमीला मुलांना कोण आणणार?

प्रेषक: एडिसनची ताई

लोकहो, नमस्कार.
गणपतीच्या तालमीचा ने-आणीचा तक्ता पाहिला. माझ्या लेकीच्या नावापुढे तीन मुलं टाकली आहेत. तिला १७ पूर्ण झाली, प्रोबेशनरी (पक्क्याच्या आधीचं, अटींचं) लायसन्स आलं, नंबरप्लेटवर नवशिक्या तरुण ड्रायव्हरांचं लाल स्टिकरही लागलं, सगळं खरं. पण न्यू जर्सीत या लायसन्सवर आई-वडील गाडीत नसतील तर एकच प्रवासी नेता येतो, आणि २०१० पासून सख्खा भाऊसुद्धा त्या एकातच धरतात. म्हणजे धाकट्याला घेतलं की शेजारच्या मुलीला घरी ठेवायचं! आम्ही दोघं सहापर्यंत ऑफिसात. पोरगी माझ्यापेक्षा जपून चालवते हो. हे जरा अतीच नाही का? ठाण्याचे काका, तुम्ही इथे वीस वर्षं काढलीत, तुम्हीच सांगा.

प्रेषक: ठाण्याचे काका

ताई, तलावपाळीला फेरी मारून आलो आणि तुझी मेल वाचली.
आमच्याकडे उलटी तऱ्हा. १८ च्या आत गाडी नाहीच. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालते म्हणे, पण तसली गाडी शोरूममध्ये शोधून दाखव. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ भलतंच कडक आहे. अल्पवयीन पोराने काही केलं तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन पोराच्या गाडीने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर हे कलम महिनाभर फिरत होतं.
पण पक्कं लायसन्स हातात पडलं, की त्याच रात्री दोन वाजता चार दोस्त कोंबून घोडबंदर रोडला निघा, कोणी विचारत नाही. लर्निंगला शेजारी लायसन्सवाला बसवायचा, एवढी एक पायरी. पुढे थेट गच्ची.
माझा भाचा त्याच गच्चीवरून पडला. गेल्या पावसाळ्यात, १८ पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. कुणाचा तरी वाढदिवस होता, गाडीत पाच जण, मानपाड्याहून पातलीपाड्याकडे निघालेले. मागचा एक जण गाणं बदलायला पुढे वाकला, दुसरा म्हणाला, "त्या बाइकवाल्याला टाक ना मागे." मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड दिसले तेव्हा उशीर झाला होता. गाडी दुभाजकावर. मधल्या मुलाने बेल्ट लावला नव्हता, त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. एवढ्यावर निभावलं.
हाच भाचा माझ्या बहिणीला बाजारात नेतो तेव्हा चाळिसाच्या वर काटा जात नाही. पोरगा तोच, गाडी तीच. शेजारचं माणूस बदललं की पाय बदलतो. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ते-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१२ साली हेच मोजलं होतं. १६-१७ वर्षांच्या ड्रायव्हरबरोबर एकविशीच्या आतला एक प्रवासी असला तर त्या ड्रायव्हरच्या मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी वाढतो, दोन असले तर दुप्पट, तीन किंवा जास्त असले तर चौपट. आणि पस्तिशीच्या पुढचं कोणी बसलं असेल तर ६२ टक्क्यांनी कमी! म्हणजे आम्हा थेरड्यांचा काही उपयोग आहे.
एक गोष्ट मनातून जात नाही. ज्याचं हाड मोडलं त्याची आई हॉस्पिटलात म्हणाली, "मला पाठवायचं नव्हतं हो, पण तुमच्या भाच्याला नाही कसं म्हणणार? तुमच्या घरच्यांना वाईट वाटलं असतं." त्या भिडेपायी पोरगं गाडीत बसलं. तुझ्याकडे 'आम्ही नाही हो, कायदा नाही म्हणतो' असं सांगायची सोय आहे. आमच्याकडे ते पाप आईनेच डोक्यावर घ्यायचं. म्हणून मला तुझा नियम अती वाटत नाही. भावाला मोजणं मात्र मलाही खटकतं.

प्रेषक: नेरूळची काकू

काकांशी अर्धीच सहमत. पाम बीच रोडवर रात्री गाड्या कशा उधळतात ते आमच्या गॅलरीतून ऐकू येतं, त्यामुळे दोस्तांच्या टोळीबद्दल वाद नाही. पण माझी लेक वाशीहून क्लास संपवून स्कूटरवर येते, मागे मैत्रीण असते म्हणून मला झोप लागते. 'तरुण प्रवासी नको' असा सरसकट नियम केलात तर मुली एकट्या येतील. एकीची मुभा हवीच. आणि इथे पोलीस ट्रिपल सीट पकडताना दमतो, तो मागच्याचं वय कुठे विचारणार?
ते लाल स्टिकर तर मुळीच नको. गाडीत कोवळी मुलगी आहे, अशी पाटीच ती!

प्रेषक: एडिसनची ताई

काकू, स्टिकरवर इथल्या पालकांनीही हीच हरकत घेतली होती. प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१२ मध्ये कोर्टाने कायदा कायम ठेवला. मुली ते काढून डॅशबोर्डमध्ये टाकतात ते वेगळं. माझीसुद्धा टाकते, काल कळलं. बोलणी खाल्ली तिने.
काका, तुमचं भिडेचं वाचलं आणि गप्प बसले. धाकट्यासाठी भांडायची ती भांडेनच, पण तक्त्यातली तीन मुलं काढा. लेक फक्त शेजारच्या मुलीला आणेल. धाकट्याला हे ऑफिसातून आल्यावर आणतील, म्हणून तालीम सहाऐवजी सातला ठेवता येईल का? उरलेल्या दोघांसाठी कुणाच्या व्हॅनमध्ये जागा आहे? लेझीमही त्याच गाडीत टाकायच्या आहेत.