दम्याच्या पेशंटला नुसतं ‘कसं वाटतंय’ विचारून भागत नाही, पाच प्रश्नांचा फॉर्म भरून घ्या

पंचवटीकर:
आईला बरीच वर्षं दमा आहे. ओपीडीत डॉक्टर विचारतात ‘काय आजी, कसं वाटतंय’, ती म्हणते ‘बरं आहे’, झालं, तीच औषधं पुढे चालू. रात्री ती पलंगावर उठून बसलेली असते ते घरच्यांनाच माहीत. मोठ्यांसाठी एसीटी नावाची प्रश्नावली २००४ पासून आहे, ती दर व्हिजिटला भरून घ्या ना! मागच्या चार आठवड्यांत दम्यामुळे काम किती अडलं, धाप किती वेळा लागली, रात्री-पहाटे झोपमोड किती, लगेच आराम देणारा पंप किती वेळा लागला आणि एकूण दमा किती आटोक्यात वाटतो, बस एवढंच. प्रत्येकाला १ ते ५ मार्क. २५ पैकी २० किंवा वर असेल तर ठीक, १५ किंवा खाली म्हणजे दमा अजिबात आटोक्यात नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
नाही पटत. आमच्याकडे ग्राइंडिंगवर एक काका आहेत, त्यांनी पांडवलेणीच्या पायऱ्या सोडल्या, वरातीत चालणं सोडलं, गॅसची टाकी उचलायची असली की पोराला हाक मारतात. त्यांना विचारा काम अडतं का, म्हणतील ‘नाही बुवा’, कारण अडेल असं काम ते करतच नाहीत. मार्क चांगलेच पडणार. काहींना तर श्वासनळ्या आवळल्या तरी फारसं जाणवत नाही. फुंकर मारायला लावा, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मशीन सांगतं, तिथे कोणाची भीड नाही.

निफाडची_बागायतदारीण:
दादा, फुंकर मारतो आपण सकाळी अकराला, दवाखान्यात. मला त्रास होतो पहाटे चारला, डिसेंबरच्या थंडीत, आणि बागेत गंधकाची धुरळणी झाली की दोन दिवस छातीत घरघर. रिपोर्ट नॉर्मल आला की ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवतात. दमा वरखाली होणाराच आजार आहे, मशीनला माझी रात्र कशी दिसणार?

स्पायरोवाली_ताई:
मी हेच मशीन चालवते. दोन्ही लागतं. एसीक्यू म्हणून दुसरी प्रश्नावली आहे, १९९९ ची, एलिझाबेथ ज्युनिपर यांची, ती मागच्या एकाच आठवड्याचं विचारते आणि मूळच्या सात मुद्द्यांतला शेवटचा चक्क फुंकरीचा आकडा आहे. फक्त तिथे ० ते ६ मार्क आणि सरासरी काढायची, जास्त म्हणजे वाईट, एसीटीच्या बरोबर उलट, त्यामुळे फाइलमध्ये नुसता आकडा लिहू नका, कुठला फॉर्म तेही लिहा. आणि फॉर्मवरून दमा आहे की नाही हे ठरत नाही हं, धाप हृदयामुळेही लागते. एसीटीत मार्क कमी आले तर डोस वाढवायच्या आधी पेशंटला समोर पंप ओढायला सांगा, कितीतरी जणांचं औषध घशातच राहतं.

पंचवटीकर:
ताई, अगदी बरोबर. पण गावात मशीन नसतं, कागद तरी असतोच. चष्मा नसेल तर कोणीतरी वाचून दाखवा, फक्त उत्तर पेशंटचं पाहिजे, सुनेचं किंवा माझं नको.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
कागद असू दे, पण ‘मागच्या वर्षी करायचात आणि आता सोडलं असं काय काय’ हेही डॉक्टरांनी तोंडी विचारावं. काकांची खरी तब्येत त्याच उत्तरात निघेल.