बुद्धपौर्णिमेचं नाटुकलं: सोसायटी ग्रुप, सातारा

*बी-२०४:* तालमीचा व्हिडिओ पाहिला. ससा पळत येतो आणि थेट आगीत उडी. अंग तीनदा झटकायचा प्रसंग कुणी कापला? विचारायची काही पद्धत?

*सांस्कृतिक समिती:* नमस्कार काका. वेळेत बसत नव्हतं, शिवाय झटकताना पोरं हसतात.

*बी-२०४:* अहो, केसांतले किडे आपल्याबरोबर जळू नयेत म्हणून झटकतो तो. जीव स्वतःचा द्यायचा, दुसऱ्याचा नाही. ते काढल्यावर उरली नुसती उडी.

*ए-१०२:* ज्यांचा कुत्रा रोज जिन्यात अंग झटकतो त्यांनीही वाचावं 🙏

*ए-३०१:* कळलं वहिनी. विषय नाटकाचा चाललाय.

*सी-४०१ आजोबा:* ससजातक, बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांतली क्रमांक ३१६. पाणमांजराकडे सात रोहित मासे. कोल्ह्याकडे मांसाच्या दोन सळ्या, एक घोरपड, दह्याचं मडकं. माकडाकडे आंबे. सशाकडे फक्त गवत, ते याचकाला कसं वाढणार? म्हणून स्वतःला देतो. तुम्ही कोल्ह्याच्या हातात गाजरं दिलीत!

*सांस्कृतिक समिती:* मांसावर दोन घरांचा आक्षेप होता आजोबा.

*सी-४०१ आजोबा:* मग मडकं तरी ठेवा. आणि कोल्हा ते उचलण्याआधी तीनदा ओरडतो, "मालक कोण?" कुणी ओ दिली नाही म्हणून नेतो.

*ए-३०१:* बी विंगमधली कुरिअरं अशीच जातात का? 😂

*बी-२०४:* विषय भरकटवू नका. अंग झटकणं परत घ्या. तीनदा.

*ए-१०२:* लहान मुलांसमोर जीव देणं दाखवायचंच कशाला? भुकेल्या वाघिणीला स्वतःचं शरीर देतात ती गोष्ट तर त्याहून भयंकर.

*सी-४०१ आजोबा:* वाघीण पालीतल्या ५४७ जातकांत नाहीच, ती आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेतली. आणि ससा मरत नाही हो. आग बर्फासारखी गार लागते, याचक शक्र, म्हणजे इंद्र निघतो, डोंगर पिळून त्या रसानं चंद्रावर ससा काढतो. पुठ्ठ्याचा चंद्र कशाला केलात? पौर्णिमेला खरा उगवतोच, स्टेज पूर्वेला लावा. पुढच्या वर्षी महाकपी घ्या, ४०७. माकडांना नदीपार न्यायला वेत मोजताना कमरेला बांधायचा तुकडा धरायचा राहतो, तेवढाच कमी पडतो, म्हणून वानरराजा अंगाचाच पूल करतो. अजिंठ्यात १७ नंबरच्या लेण्यात चित्र आहे.

*ए-३०१:* म्हणजे आपल्या टाकीचा पाइपच की लगा! वाकणाचा तुकडा धरलाच नव्हता.

*सेक्रेटरी:* पाइप मीटिंगमध्ये. आगीचं बोला. कापूर चालणार नाही.

*डी-००२:* टेबल फॅन उताणा ठेवा, जाळीला लाल-पिवळ्या तलम सॅटिनच्या दीड हात पट्ट्या बांधा, मोती चौकात कापड मिळेल. कागद फाटतो, जाड कापड उठत नाही. फॅन विटांवर ठेवा. खालून हवा घ्यायला जागा नसली की ज्वाळा मरगळतात. ससा फॅनच्या *मागे* उडी मारेल, वरून नाही. वायर चिकटपट्टीनं जमिनीला.

*बी-२०४:* आणि उडीआधी...

*ए-१०२:* कळलं हो काका! झटकताना शेपटीचा कापूस उडाला तर स्टेज कोण झाडणार तेही ठरवा.

*सांस्कृतिक समिती:* झटकणं घेतलं. मडकंही. गाजरं रद्द.

*सेक्रेटरी:* तालमीच्या जागेवर एमएच-११ची पांढरी गाडी आडवी लागलीय. मालक कोण? तिसऱ्यांदा विचारतोय.