फोन चार्ज होतो, पण डेस्कटॉपवर फाइली दिसत नाहीत

खिडकीपाशी:
अँड्रॉइड फोनमधले साधारण ६० जीबी फोटो आणि व्हिडिओ डेस्कटॉपवर घ्यायचेत. विंडोज १० आहे. केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो, 'धिस पीसी'मध्ये त्याचं नावच येत नाही. दुसऱ्या केबलने नाव आलं, पण आत फोल्डर रिकामा. कधी फाइली दिसल्याच तर कॉपी मध्येच अडकते. ड्रायव्हर टाकावा लागेल का? की केबलचा नाद सोडून ब्लूटूथने पाठवू?

तारजोडणी:
ड्रायव्हरचं नंतर बघू, आधी केबल. यूएसबी २.० च्या केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन डेटाच्या असतात. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. ओळखायची खूण सोपी आहे: केबल लावल्यावर फोनच्या नोटिफिकेशनमध्ये यूएसबीबद्दलची ओळ आली, तर डेटाच्या तारा जोडलेल्या आहेत. नुसतं बॅटरीचं चिन्ह आलं, तर केबल बदला. तिथे सेटिंगशी झटापट करून उपयोग नाही.

रिकाम्या फोल्डरचं कारण वेगळं. अँड्रॉइड मुळात 'फक्त चार्जिंग' धरून चालतो. फोन अनलॉक करा, त्या नोटिफिकेशनवर टॅप करा आणि 'फाइल ट्रान्सफर' निवडा (काही फोनांत 'फाइल ट्रान्सफर / अँड्रॉइड ऑटो' असं लिहिलेलं असतं). फोन लॉक असताना नाव दिसतं, आत काही दिसत नाही. ही सुरक्षेची सोय आहे, बिघाड नव्हे.

केबल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा. पुढचे पोर्ट आतल्या वायरने जोडलेले असतात, ती ढिली असली की कनेक्शन तुटत राहतं. हबही टाळा.

एवढं करूनही नाव आलं नाही, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण दिसला तर त्यावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि केबल काढून पुन्हा लावा. ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. अपवाद विंडोजच्या 'एन' आवृत्तीचा, तिच्यात 'मीडिया फीचर पॅक' वेगळा टाकावा लागतो.

गणिती_किडा:
ब्लूटूथचा विचार सोडा. प्रत्यक्षात सेकंदाला २ मेगाबिट मिळाले, म्हणजे पाव मेगाबाइट, तर ६० जीबीला सुमारे ६६ तास लागतील. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० मेगाबाइट मिळाले तरी हेच काम अर्ध्या तासाच्या आसपास उरकतं. बऱ्याच फोनांचं टाइप-सी पोर्ट आतून यूएसबी २.० च असतं, तेव्हा महागडी केबल आणून वेग वाढेलच असं नाही.

जुनाट_सर्व्हर:
कॉपी मध्येच का अडकते ते सांगतो. फोन पेनड्राइव्हसारखा जोडला जात नाही. तो 'एमटीपी' नावाच्या पद्धतीने बोलतो, म्हणजे कॉम्प्युटरने एकेक फाइल मागायची आणि फोनने ती द्यायची. एका वेळी एकच काम. म्हणून कॅमेरा फोल्डरमध्ये हजारो फोटो असले की एक्सप्लोरर आधी सगळी यादी आणि थंबनेल मागत बसतो, आणि वरची हिरवी पट्टी सरकता सरकत नाही.

फोल्डर 'डिटेल्स' व्ह्यूमध्ये उघडा, थंबनेलचा भार जाईल. सगळे ६० जीबी एकदम ओढू नका, ५ ते १० जीबीचे गट करा. कॉम्प्युटरचं स्लीप बंद ठेवा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही (वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवणारी सोय). एखादा मोठा व्हिडिओच दर वेळी अडत असेल तर फाइली कुठे टाकताय ते तपासा: एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.

आणि 'कट' कधीच नाही. मध्ये केबल निसटली तर कोणती फाइल कुठे राहिली हे शोधत बसाल.

खिडकीपाशी:
केबल बदलली, मागच्या पोर्टला लावली, फोल्डर उघडलं. आभार! दोन गोष्टी उरल्या. आज काढलेले काही व्हिडिओ फोनवर आहेत, पण कॉम्प्युटरवर दिसत नाहीत. आणि कॉपी झालेल्या काही फाइलींवर आजची तारीख पडली आहे.

जुनाट_सर्व्हर:
एमटीपी फोनच्या मीडिया डेटाबेसमधली यादी दाखवतो, आणि ती कधीकधी मागे पडते. फोन रीस्टार्ट करून पुन्हा जोडा.

तारखेचं म्हणाल तर कॅमेऱ्याच्या फोटोत काढल्याची तारीख फाइलच्या आतच असते. एक्सप्लोररमध्ये 'डेट टेकन' हा कॉलम लावा आणि त्याने क्रम लावा. व्हॉट्सॅपने आलेल्या फोटोंमधून मात्र ही माहिती काढलेली असते. तिथे फाइलच्या नावातली तारीख बघायची.

तारखा जशाच्या तशा हव्या असतील तर 'एडीबी' वापरा, म्हणजे कॉम्प्युटरवरून कमांड देऊन फोन हाताळायचं टूल. फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करा. फाइली फोनमधून ओढून घेणाऱ्या 'पुल' कमांडला 'ए' (-a) हा पर्याय जोडला की फाइलींच्या मूळ तारखा टिकतात. काम झालं की डीबगिंग बंद करा.

तारजोडणी:
एवढ्यासाठी एडीबी म्हणजे जरा जास्तच होतंय. घरी वायफाय असेल तर फोनवर एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवायची पद्धत) सर्व्हरचं अ‍ॅप चालवा आणि कॉम्प्युटरवर फाइलझिला या एफटीपी प्रोग्रॅममधून जोडा. त्याच्या 'ट्रान्सफर' मेनूत तारखा टिकवण्याचा पर्याय आहे, शिवाय तुटलेली कॉपी तिथूनच पुढे चालू करता येते. डेस्कटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर असाल तर बहुतेक वेळा दोन्ही यंत्रं एकमेकांना दिसणारच नाहीत. साधं एफटीपी एन्क्रिप्टेड नसतं, म्हणून हे घरच्या नेटवर्कवरच करायचं.

गणिती_किडा:
आणखी एक. अँड्रॉइड ११ पासून व्हॉट्सॅपचं फोल्डर सहसा 'अँड्रॉइड' आणि त्यातल्या 'मीडिया'च्या आत असतं, फक्त 'डीसीआयएम' (कॅमेऱ्याच्या फोटोंचं फोल्डर) कॉपी केलंत तर ते मागे राहील. फोनवरून काही उडवण्याआधी दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवा, आणि मोठे व्हिडिओ कॉम्प्युटरवर शेवटपर्यंत सरकवून बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइलही नावाने अगदी पूर्ण दिसते.